बाबांच्या हातची पोळी

आर्णीजवळच्या आमच्या गावातल्या ख्रिस्ती मंडळीत एक रीत आहे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी उपासनेत वाटून खायची, पोळी दर महिन्याला एकेका घरातून येते, आणि ती कुणी स्वतः उचलून खायची नसते. शेजारच्याने तोडून द्यायची. म्हणून तर माझे बाबा उपासनेला दाराशी, चपलांजवळ एकटे बसायचे. शेजारच नको!

बाबा एके काळी मोहाची दारू गाळायचे. पुढे ती सोडली, बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांच्या घरात ती दारू गेली, ती माणसं समोरच बसलेली. त्यातल्या एका म्हाताऱ्या मावशीचा तर नवराच त्या दारूने नेला. "माह्यासारख्याच्या तोंडात ते भोजन शोभत नाही," बाबा म्हणायचे. पाळकांनी किती समजावलं, पण ऐकतील तर शपथ! मला संताप यायचा. येशू कुणाकुणाच्या पंगतीला बसला, हे रविवारी ऐकायचं आणि सोमवारी विसरायचं?

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराची पाळी आली आणि नेमका आईचा हात मोडला. मी नोकरीला पुसदला. पहिल्या गाडीने पोचले, तर चुलीपुढे बाबा, कपाळाला पीठ. मी पदर खोचला, तशी आई म्हणाली, "थांब. त्यायलेच करू दे."

"अवो, कोण खाईन माह्या हातची?"

"मी इतके दिवस खाऊन राह्यली ना? मेली का?"

पोळी एका अंगाने करपली. तरी बाबांनी ती फडक्यात नीट गुंडाळून दिली आणि नेहमीसारखे दाराशी जाऊन बसले.

आईचा हात गळ्यात अडकवलेला, त्यामुळे पोळी कुणी केली हे सगळ्यांना कळलं होतं. पाळकांनी देवाचे आभार मानून ती मोडली आणि ताट फिरलं. एकानेही मान फिरवली नाही. बाबा मात्र खाली बघत होते. माझं सगळं लक्ष मावशीकडे. तिने शेजारणीच्या हातून तुकडा घेतला, सावकाश चावला, आणि ताट घेऊन उठली. थेट दाराशी गेली. चपला हाताने बाजूला सारून बाबांच्या शेजारी बसली.

"तुह्या हातची खाल्ली म्या," ती म्हणाली. "आता माह्या हातची घे."

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. त्या क्षणी मला माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता. आणि त्या मावशीच्या मंडळीतली मी, याचाही.

खाताना बाबा रडत होते. मग हळूच म्हणाले, "करपली व्हती ना?"

"व्हती," मावशी म्हणाली. "घेतली ना तरी."