विश्रामगृहावरची कवेलू

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कोणी वाचेल असं वाटत नाही, पण वाचलंच तर चुका पोटात घाला. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मार्कंड्याच्या रस्त्यावर एका संस्थेचं विश्रामगृह आहे. तिथं मी देखभालीला आहे. झाडायचं, पुसायचं, टाकी भरायची, बल्ब गेला तर बदलायचा. आधीचे साहेब सांगत तेवढं मी करत असे. मग नागपूरहून नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच दिवशी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं. मी काठावर टेकले. चहा आला, तोही त्यांच्यासारख्याच कपात.

"बाई, तुम्हाला काय वाटतं? इथं काय सुधारायला हवं?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. ते हसले. "तुम्ही लोक सांगितल्याशिवाय हलत नाही, हाच इथला रोग आहे. हे घर आपलं समजा. प्रत्येक गोष्टीला मला फोन नको. दिसलं की करून टाकायचं."

त्या दिवसापासून मी वर-खाली बघत काम करू लागले. उत्तर मला छपरावर दिसलं. वांदरांनी मागच्या खोल्यांवरची मातीची कवेलू पार विस्कटली होती. आमच्याकडे पावसाच्या आधी कवेलू फेरतात, म्हणजे सगळी उतरवून, फुटकी काढून पुन्हा रचतात. ते काम येणारी माणसं उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जातात आणि पाऊस लागला की धानाच्या बांधीत. मधले थोडे दिवस मिळतात. ते गेले की वर्ष गेलं.

साहेब तेव्हा नागपूरला होते. मी गावातल्या कवेलूवाल्या म्हाताऱ्याकडे गेले.

"साहेबाले विचारलं का, बाई?"

"विचारू नका म्हणते ते. सोताच करा म्हणते."

"असा साहेब एकडाव पाहाच लागते. मंग पैसे कोण देते? साहेब, का साहेबाचा साहेब?"

"आता मी देतो. मंग ते मले देतीन."

पैसे बचत गटातून उचलले. अध्यक्षबाई म्हणाली, "काऊन वं, तुया घराले तं टिना आहेत. कवेलू कुठची?"

"संस्थेची."

"संस्थेची कवेलू अन् कर्ज तुयं? साहेबानं चहा पाजला म्हणते तुले. लय महागाचा पडला वं मा!"

सगळ्या बाया हसल्या. माझे कान तापले, पण पैसे घेऊन आले.

काम चांगलं झालं. खालून कवेलू मीच हातात देत होते. घरी कवेलू फेरताना करतात तसा भात आणि कोंबडीचा रस्सा केला. जेवण झालं, पैसे दिले, म्हातारा राम राम करून गेला. बिलाची गोष्ट कोणाच्या डोक्यातच आली नाही. आपल्या घराचं बिल कोण मागतं?

साहेब आले तेव्हा मी दारातच उभी होते. मनात वाटत होतं, आता हे परत खुर्चीवर बसवतील. त्यांनी वर बघितलं.

"हे कोणी करायला सांगितलं?"

"तुमीच..." मी म्हटलं.

"मंजुरी? कोटेशन? बिल? बाई, पुढाकार म्हणजे मनाला येईल ते नव्हे. कोपरे साफ ठेवा, कुंड्यांना पाणी घाला, एवढंच म्हणत होतो मी. आता वर काय पाठवू? कोंबडीच्या रश्शाची पावती?"

रश्शाचं त्यांना सांगणारा कचेरीतला बाबू खो-खो हसला. त्याच्यासोबत मीही हसले. पैशापेक्षा ते हसणं मला जास्त सलतं.

त्या पावसात मागच्या खोल्या कोरड्या राहिल्या. साहेबांनी छपराचे फोटो काढून वर पाठवले. शाबासकी आली म्हणतात. मी दोनदा पैशाचा विषय काढला. "बिल आणा," म्हणाले. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. पगारातून गटाचे हप्ते भरत राहिले. गटाच्या बैठकीत बाया विचारायच्या, "काऊन वं, यंदा कोणाचं घर शाकारतं?"

नंतर एकदा साहेबांनी परत सगळ्यांना बसवून पुढाकाराचं सांगितलं. बैठक संपल्यावर मी म्हटलं, "साहेब, न्हाणीतला नळ टपकून राह्यला. काय करू?"

"अहो, एवढंही मीच सांगायचं का?"

"हो," मी म्हटलं.

"बंद करा," म्हणाले. तेव्हा मी जाऊन बंद केला.

या उन्हाळ्यात पहाटे उठून मोहाची फुलं वेचली, वाळवली, विकली. ते पैसे घेऊन गटात गेले. अध्यक्षबाईनं नोटा मोजल्या. "फिटलं वं तुयं सारं," म्हणाली, आणि दुसरीचं नाव पुकारलं. संस्थेकडून एक रुपया आला नाही. त्यांच्या कवेलूचे पैसे मी व्याजासकट पूर्ण फेडले.