उष्टी फरशी

मालूताईंच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि आधी खाली वाकले. पॅसेजमध्ये शेंगेचं टरफल पडलं होतं. मी पुण्याची, दुसऱ्याच्या घरातला कचराही मला बघवत नाही. टरफल उचलायला गेले तर उचलेना. शेजारी पिळलेली लिंबाची फोड होती, तीही हलेना. पलीकडे पापलेटाचा काटा, खजुराच्या बिया, कोथिंबिरीच्या काड्या. मी नखांनी खरवडत बसलेली असताना मालूताई आतून हसत आल्या.

"राहू दे की गं, दगडाचं आहे ते सगळं. मी केलोय."

मालूताई कोल्हापूरच्या, त्यामुळे बोलताना 'मी गेलो, मी आलो' असंच. तिकडे त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. दाजी, म्हणजे त्यांचे यजमान, रियाधमधल्या एका कंपनीत अकाउंटंट होते. आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, आलेल्या आम्हा बायकांना नोकरीची परवानगी नव्हती. मी त्यावर दिवसभर कुढायची. मालूताईंनी पॅसेजची जमीन करायला घेतली.

ही कल्पना रोमन लोकांची. तिकडच्या श्रीमंतांच्या जेवणघरात म्हणे अशी फरशी असायची: जेवताना खाली पडलेली हाडं, शिंपले, फळांची सालं, सगळं बारीक रंगीत दगडांतून मांडलेलं. मालूताईंना रोमन लोकांचं वेड लहानपणापासूनचं. कोल्हापूरच्या संग्रहालयात वीतभरही नसेल असा कांस्याचा समुद्रदेव आहे, पंचगंगेकाठच्या टेकडीत खणताना सापडलेला, थेट रोमहून आलेला. वडिलांनी तो दाखवला आणि या तिथून हलायलाच तयार नव्हत्या. "कुठलं रोम आणि कुठलं आमचं कोल्हापूर! आला की नाही तो एवढ्या लांब?" असं त्या कौतुकानं सांगायच्या, जणू समुद्रदेव त्यांच्या माहेरचाच पाहुणा.

रियाधमध्ये प्रत्येक गल्लीत कुठे ना कुठे बांधकाम चालूच. तिथे फेकलेले संगमरवराचे, फरशांचे तुकडे दाजी गाडीच्या डिकीतून आणायचे. मालूताई ते पकडीने तोडून डाळीएवढे करायच्या आणि रंगांप्रमाणे मसाल्याच्या डब्यांत भरायच्या. त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी करायला गेलं की हळदीच्या डब्यात पिवळा दगड निघायचा. माझी चिडचिड व्हायची. त्या म्हणायच्या, "चव बघून घाल की."

प्रत्येक टरफलाला, प्रत्येक बीला त्यांनी करड्या दगडांची सावली दिली होती. पॅसेजच्या खिडकीतून ऊन कुठून येतं ते बघून, त्याच बाजूची. "सावली नसली तर ते नुसतं चित्र. सावली पडली की वाटतं, आत्ता कुणीतरी जेवून उठलंय." आणि माझ्याकडे बघून मुद्दाम, "तुझ्यासारखं लख्ख झाडलेलं घर असलं की कळत नाही गं, इथं कोण राहतंय."

घरमालक अबू सालेह भाड्यासाठी आले की उंबऱ्यावर थबकून आधी झगा वर उचलायचे. उखडलेल्या फरशा बदलायची परवानगी त्यांनीच दिली होती. हे असलं काही होईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण नंतर त्यांनाच त्याचं इतकं अप्रूप वाटायला लागलं की भावालाही दाखवायला घेऊन आले. मूळच्या रोमन फरशीत अक्रोड कुरतडणारा उंदीर आहे. तो मालूताईंनी गाळला. "त्यांच्या धर्मात जिवंत प्राण्याचं चित्र घरात नको असतं. घर त्यांचं आहे. काटा चालतो, मासा नको."

मग कंपन्यांमधल्या जागा सौदी लोकांना देण्याचा नियम कडक होत गेला. रोज कुणी ना कुणी निघाल्याचं कानावर यायचं. एके दिवशी दाजींच्या खुर्चीवर बसायला एक सौदी तरुण आला आणि दाजींनीच त्याला काम शिकवलं. "गुणी आहे हो तो," दाजी मला म्हणाले, "त्याच्यावर रागावू तरी कसा?" कुणावरच रागावता येत नव्हतं, हेच वाईट होतं. खलास, कायमच्या परतीचा व्हिसा लागला.

सोफा विकला, फ्रीज विकला, भांडी वाटली. फरशीचं काय करायचं? मालूताईंनी वाचलं होतं की जुनी फरशी काढायची तर वरून कापड चिकटवतात आणि खालून अलगद सुटी करतात. त्यांनी जुनं सुती लुगडं फाडलं, खळ केली, कापड पापलेटाच्या काट्यावर चिकटवलं आणि खालून छिन्नी घातली. मी शेजारी बसून कापडाचं टोक धरलं होतं. कापड वर आलं, काटा सिमेंटलाच राहिला, मधोमध तुटलेला. पुन्हा छिन्नी लावायची हिंमत आम्हा दोघींनाही झाली नाही.

"दगड जाळीवर चिकटवून केली असती तर गुंडाळून नेता आली असती," मी न राहवून म्हणाले.

"ठाऊक होतं की मला. पण जाळीवर करायचं म्हणजे आपण जाणार हे आधीच धरायचं."



अबू सालेहना नवीन भाडेकरू मिळाले. त्यांना साधी पांढरी फरशी हवी होती. "मालेश, मदाम, मालेश," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, माफ करा, माफ करा. म्हातारा माणूस अगदी कानकोंडा झाला होता. भाडं तर त्यांनाही हवंच होतं.

मिस्त्री आला त्या दुपारी मालूताईंनी दोन पोती वाळू मागवली होती. नवी फरशी हिच्यावरच बसणार होती, तिचं सिमेंट थेट दगडांवर पडायला नको म्हणून. पिठाच्या चाळणीनं त्यांनी ती चाळली आणि स्वतःच्या हातानं पसरत गेल्या. "रोमन लोकांचं जमिनीवरचं सगळं पडलं, लोकांनी पळवलं," त्या मला शिकवल्यासारखं सांगत होत्या. "मातीखाली गेलं ते राहिलं." लिंबू बुजलं, बिया बुजल्या. शेवटचं टरफल राहिलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

मला वाटलं, आपण धीर द्यावा. म्हणाले, "बघा ना, हजार वर्षांनी कुणीतरी खणेल, आणि म्हणेल..."

"हजार वर्षांनी कुणी का बघेना, मला काय गं त्याचं?" मालूताई एकदम म्हणाल्या. "मला बघायचीय. उद्या सकाळी उठून मला बघायचीय." आणि वाळूनं भरलेल्या हातांनी तोंड झाकून त्या रडायला लागल्या.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यापलीकडे मला करण्यासारखं काही नव्हतं. दारात मिस्त्री थापी घेऊन अवघडून उभा होता. त्यानं मालूताईंना हळूच, त्याच्या उर्दूत ताई म्हणावं तसं, विचारलं, "बाजी, शुरू करूँ?"

दाजी भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे झाले, शेवटच्या टरफलावर ओंजळभर वाळू घातली आणि म्हणाले, "करो."