रोपांची हिरवी नेट पाहुण्यांच्या डोक्यावर

मंडळी, आज मोताळ्याच्या बाजाराला निघालो होतो. वाटेत एका गावात लाऊडस्पीकर ऐकू आला, मग काय, बाजार राहिला आणि मी तिकडेच वळलो.

तिथल्या बागप्रेमी मंडळाचा कार्यक्रम होता, 'उन्हाळ्यात झाडे जगवा'. फेटे, हार, गार पाण्याच्या बाटल्या, वर सावलीला हिरवी नेट. ती कुठून आणली, हे मांडवामागं गेल्यावर कळलं. मंडळाच्याच रोपवाटिकेवरून काढलेली! मिरची-वांग्याची रोपं भर उन्हात माना टाकून पडलेली. ती वाढवणाऱ्या शोभाकाकू तांब्यानं पाणी शिंपडत होत्या. जूनमध्ये घरोघरी वाटायची रोपं होती ती.

काकूंनी अध्यक्षांना गाठलं. "भाऊ, नेट काऊन काढली? रोपं मरून राह्यली ना!"

"काकू, पाहुण्यांले ऊन लागते. झाडाले सवय असते."

काकूंनी विळा घेतला अन् मांडवाची दोरी कापली. दुसऱ्या बाजूची मी सोडली. ऊन थेट स्टेजवर आलं. पाहुणे भाषण अर्धं टाकून एसीच्या गाडीत पळाले.

"कोण बे तू? कार्यक्रम नासवला!" अध्यक्ष माझ्यावर ओरडले. आम्ही नेट परत रोपांवर बांधत होतो. वांगी उठतील, मिरचीचं खरं नाही, असं काकू म्हणाल्या.

आत्ता फेसबुकवर मंडळाची पोस्ट पाहिली: 'कार्यक्रम उत्साहात संपन्न.' खाली नुसत्या टाळ्या. रोपांचं एकानंही विचारलं नाही.

असल्या झाडप्रेमींच्या हाती तुम्ही अंगणातली तुळस तरी द्याल का?