ओठ मागे, आवाज पुढे

निकाळजेकाका दुरुस्तीला कुणाच्याही घरी गेले, की मशीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चपला दाराशी काढायच्या, पाणी प्यायचं आणि घरातल्या सगळ्यांना टीव्हीसमोर बोलावून घ्यायचं. ‘रोज बसता तसेच बसा. फोटोला बसल्यासारखे नाही.’ मग सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून विचारायचे, ‘हं, आता सांगा. आवाज कोणाला येत नाही?’ मालक तोंड उघडायचे, तर काका हात वर करून त्यांना थांबवायचे. ‘साहेब, तुमचं फोनवर झालं. ह्या ताई काय म्हणतात ते ऐकू.’ घरात ज्याला कोणी विचारत नाही, त्याच्यापासून काकांची दुरुस्ती सुरू व्हायची. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस वेळ काढतोय.

मी तेव्हा पलासियाला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर बसत होते. इंदूरच्या कापड मिल्स एकेक करून बंद पडत होत्या आणि त्याच इंदुरात लोकांच्या बैठकीत सहा-सहा स्पीकर येत होते. ज्या शहरात एका टीव्हीवर अख्ख्या गल्लीने भागवलं, तिथे आता एका घराला समोर तीन, मागे दोन आणि कोपऱ्यात धमधम करणारा एक डबा लागायला लागला. ह्या सगळ्यांना आपापल्या वाटणीचा आवाज देतो तो रिसीव्हर. काळा पेटाराच तो, आणि पाठीला तारा खोचायची इतकी भोकं, की बघूनच जीव दडपावा. लोक तो घरी नेत, आपापल्या अकलेने जोडत, आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजे. ‘मॅडम, भिया को भेजो, पीछे वाले गूँगे हो गए.’

निकाळजेकाका ह्या गूँग्यांचे वैद्य. वडील महूच्या पलटणीतले, पण हे इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढले आणि मिलच्या साचा खात्यात लागले, म्हणजे जिथे कापड विणायचे माग चालतात तिथे. बावीस वर्षं फिटर होते. मिलला टाळं लागलं तेव्हा पन्नाशी गाठली होती, दोन मुली शिकत होत्या. लहानपणापासून रेडिओ उघडायचा नाद, तेवढ्या भांडवलावर ते आमच्या सेठजींकडे आले. सेठजी म्हणाले, ‘देखते हैं.’ दोन वर्षं झाली तरी ते बघतच होते; काकांना पर्मनंट काही केलं नव्हतं. काकांनी मात्र मॅन्युअल घरी नेऊन, मुलीची डिक्शनरी शेजारी ठेवून, पेन्सिलीने शब्दाखाली शब्द लिहीत ते पाठ केलं होतं.

त्यांचं सगळं शास्त्र मिलमधून आलेलं. ‘आधी धागा बघायचा, मग साचा. कापड बिघडलं की नवे लोक साच्याला शिव्या देत, आणि तुटलेला असायचा धागा.’ म्हणून आधी तारा. तार बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चालत जायचे. मग रिसीव्हरचं टेस्टचं बटण दाबायचे. त्याने ‘फुस्स’ असा आवाज एकेका स्पीकरमधून गोल फिरतो. काका त्याच्या मागोमाग फिरत आणि लेकराचा ताप बघावा तसा प्रत्येक स्पीकरवर तळहात ठेवत. मला मधोमध बसवून विचारत, ‘बेटा, आता कुठून?’ मी सांगायची, ‘मागून, उजवीकडून.’ ते मान डोलवत. ‘आवाज मरत नाही ग, अडकतो. कुठे अडकला, एवढंच शोधायचं.’

मी काउंटर सोडून त्यांच्याबरोबर कशी, असं कोणी विचारेल. काकांनीच सेठजींना गळ घातली होती. ‘लेडीज साथ में हो तो घर के लोग ठीक से बात करते हैं.’ सेठजींना ते पटलं, आणि मला उन्हाळ्यात काउंटरवरून सुटका मिळाली म्हणून मी उड्या मारत गेले. काका त्यांच्या लुनावर पुढे, मी माझ्या कायनेटिकवर मागे.

राजेंद्र नगरच्या एका घरची तक्रार अजून आठवते. बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ फोनवर म्हणाले, ‘गाणी फर्स्टक्लास येतात हो, पण माणसं बोलत नाहीत.’ काकांनी सवयीप्रमाणे त्यांच्या पत्नीला मधे बसवलं. बाई जरा घुटमळल्या, मग म्हणाल्या, ‘तो मधला आडवा डबा ना, मीच काढून कपाटात ठेवला. टीव्हीखाली आडवा पडलेला अच्छा नाही दिसत.’ सिनेमातली सगळी बोलणी त्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो कपाटात नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी गप्प पडून होता. ‘अगं, मग सांगायचं नाही का?’ गृहस्थ म्हणाले. ‘पंधरा दिवस सांगतेय, काही ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, कान दाखवून ये.’ काकांनी स्पीकर परत जागेवर ठेवला, त्यावर बाईंच्या हातचा विणलेला रुमाल स्वतः घातला आणि समोरची जाळी तेवढी मोकळी ठेवली. बाईंनी आम्हाला पोह्यांवर शेव जरा जास्तच घातली.

दुसरे एक कापडाचे व्यापारी होते, त्यांचं मोठं दुखणं होतं. रिसीव्हर विचारतो, स्पीकर लार्ज की स्मॉल? ह्यांनी सगळीकडे ‘लार्ज’ ठोकलं होतं. त्यामुळे धमधम डब्याकडे काही कामच जाईना, आणि छोटे स्पीकर घशाला फोड आल्यासारखे फाटून बोलायला लागले. ‘स्मॉल करा’ म्हटल्यावर व्यापारी उखडले. ‘हमारे यहाँ कोई चीज स्मॉल नहीं आती, भिया!’ काका अजिबात वाद घालत बसले नाहीत. ‘सेठ, आप दुकान में गठान खुद उठाते हो?’ ‘मैं क्यों उठाऊँ? हम्माल है.’ ‘बस. वो कोने वाला हम्माल है. गठान उसको दो, इनको गद्दी पे बैठने दो.’ व्यापाऱ्यांनी स्वतःच्या हाताने पाचही स्पीकर स्मॉल केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोपऱ्यातला हम्माल दाखवू लागले.

मला काका फार आवडायचे. त्यामुळे स्नेहलतागंजच्या एका घरी जे झालं ते माझ्या मनातून जाईना. टेस्ट चालू होती आणि मधेच एक लांब शिट्टी वाजली. काका लगबगीने उजवीकडच्या मागच्या स्पीकरकडे गेले. ‘हा शिट्टी मारतोय,’ म्हणत त्यांनी स्क्रू काढायला घेतले. घरातली सून तोंडाला पदर लावून हसली. ‘अंकलजी, वो कुकर है. दाल रखी है.’ स्वयंपाकघर डावीकडे होतं. काकाही हसले, ‘दाल अच्छी बोलती है आपकी,’ म्हणाले. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

बाहेर आल्यावर मी मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि हळूच म्हटलं, ‘काका, तुमच्या लुनाची चावी पडली.’ ते हेल्मेटचा पट्टा लावत राहिले. मग उजवीकडे जाऊन तेच म्हटलं, तर दचकून खाली वाकले. चावी कुठे पडली होती! ते सरळ झाले आणि म्हणाले, ‘कळलं ना तुला? डावा पूर्ण गेलाय. साचा खात्याने खाल्ला. उजवा आहे तेवढ्यावर गाडी चाललीय. एका कानाने आवाज येतो ग, पण कुठून येतो ते नाही कळत.’ मग हसत म्हणाले, ‘म्हणून तर तुला आणतो. माझा दुसरा कान.’ आणि लगेच हसू थांबवून, ‘सेठजींना नको सांगू. धंदा आवाजाचा आहे. बहिऱ्याला कोण ठेवेल?’

मी कुणालाही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला धड झोप येईना. सेठजी मागून हाक मारत आणि काका वळत नसत, की मी काउंटरवरून पेपरवेट पाडायची, म्हणजे सेठजींचं लक्ष माझ्याकडे वळे. दोन मुली शिकत होत्या, ह्या वयात दुसरीकडे कोणी दारात उभं केलं नसतं, आणि मला खात्री होती, की सेठजींना कळलं त्या दिवशी काकांची नोकरी संपली.

तशातच डॉक्टरसाहेबांचं प्रकरण आलं. ह्यांनी घरात प्रोजेक्टर लावून भिंतभर पडदा केला होता. सगळं चालू होतं, सगळे स्पीकर बोलत होते, आणि तरी डॉक्टर म्हणत, ‘कुछ गड़बड़ है. दस मिनट में सिर दुखता है.’ आम्ही तीन फेऱ्या मारल्या. मी मधे बसून डावं-उजवं सांगितलं, सगळं जागच्या जागी. मग मुंबईहून कंपनीचा एक इंजिनिअर आला, त्याने मीटर लावून आकडे घेतले आणि सांगितलं, की सिस्टीम परफेक्ट आहे, डॉक्टरांनी डोळे तपासावेत. डॉक्टर डोळ्यांचेच होते! त्यांनी सेठजींना फोन करून सांगितलं, ‘उठा के ले जाओ.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजी स्वतः आले. इंजिनिअर, काका, मी, सगळे पडद्यासमोर उभे. जिन्यातच सेठजी काकांना म्हणाले होते, ‘निकाळजेजी, अब मैं पहली तारीख से कोई पढ़ा-लिखा आदमी देखता हूँ. बुरा मत मानना.’ सुदैवाने, की दुर्दैवाने, हे ते उजव्या बाजूने म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि एक शेवटची परवानगी मागितली. मधल्या स्पीकरची जाळी काढली, आवाजाची थरथर कळावी म्हणून आतल्या कागदी शंकूवर बोटाचं टोक टेकवलं आणि सिनेमा लावायला सांगितला. पडद्यावर एक बाई तावातावाने बोलत होती. काका तिच्या तोंडाकडे टक लावून उभे. मिनिटभराने म्हणाले, ‘ओठ मागे आहेत.’ कुणालाच कळेना. मग हिंदीत, ‘डॉक्टर साहब, आवाज पहले आ रहा है. होंठ बाद में खुल रहे हैं.’

इंजिनिअर हसला. ‘अंकल, इतना फर्क आँख को दिखता ही नहीं.’  प्लेअर आणि प्रोजेक्टरच्या मधे एक चपटा डबा होता, चित्र आणखी स्वच्छ करणारा. काकांनी तो तारांतून सोडवला आणि प्लेअर थेट प्रोजेक्टरला जोडला. ‘आवाज सीधा जाता है, और तस्वीर इस डिब्बे में नहाने को रुकती है,’ ते म्हणाले. डॉक्टर खुर्चीत बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, ते उठेचनात. शेवटी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, ‘अजी, आओ तो! ये अब सच में बोल रही है!’

सेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘निकाळजेजी, पकड़ा कैसे? ये तो अपने दोनों मेकॅनिकों को सिखा दो.’ मी काकांना डोळ्यांनी खुणावत होते, की तजुर्बा म्हणा, नशीब म्हणा, काहीही म्हणा. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सेठजींकडे. ‘सिखाना है तो सच बोलना पड़ेगा,’ ते म्हणाले. ‘साचा खाते में कान का काम नहीं, सेठजी. इतना शोर, कि हम बाईस साल एक-दूसरे के होंठ देख के बात किए. होंठ झूठ बोले तो मुझे दिख जाता है. और मेरा बायाँ कान बंद है. पूरा.’

खोलीत पडद्यावरची बाई तेवढी बोलत होती. सेठजी सावकाश काकांच्या डाव्या बाजूला गेले आणि तोंड न दाखवता काहीतरी पुटपुटले. काका समोर बघत राहिले. ‘मतलब,’ सेठजी पुढे येऊन म्हणाले, ‘दो साल से मैं पीछे से आवाज देता हूँ, आप पलटते नहीं, वो अकड़ नहीं थी?’ ‘नहीं जी.’ ‘अरे भिया! मैं तो घर पे रोज बोलता था, आदमी होशियार है, पर दिमाग बहुत दिखाता है!’ आणि ते असे खदखदून हसले, की डॉक्टरांनी आवाज वाढवला. हसू ओसरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम, पहली तारीख वाली बात कैंसल. इनका पर्मनंट का कागज बना दो. और इनकी कुर्सी मेरे बाएँ हाथ पे लगाओ, ताकि अच्छा वाला कान मेरी तरफ रहे.’ मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढे काकांनी दहा वर्षं त्या खुर्चीवरून आमच्या सगळ्यांवर राज्य केलं. मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या धाकट्या मुलीचा फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आली ती डॉक्टरांकडून निघाल्यावरची, त्याच सकाळची पुढची पंधरा मिनिटं.

आम्ही दोघं पलासिया चौकात कचोरी खायला थांबलो होतो. काका स्वतःशीच हसत होते. मग एकदम लहान मुलासारखे म्हणाले, ‘बेटा, आता चोरी उरली नाही, तर विचारतो. ते सराउंड म्हणजे असतं कसं? एवढी घरं लावून दिली, आपण कधी ऐकलंच नाही.’

 मी डोळे मिटले आणि जे कानावर पडत होतं ते सांगत गेले. ‘मागे टेम्पो आहे काका, हॉर्न देतोय. डावीकडे उसाच्या रसाच्या गाड्याची घुंगरं. समोर कचोरीवाला कोणावर तरी ओरडतोय. मागेच, पण लांब, एक स्कूटर किका मारून मारून सुरू होत नाहीये. आणि उजवीकडे तुम्ही. सगळं आपापल्या जागेवरून येतं, एकाच वेळी, आणि मधे आपण.’

काका कचोरी हातात धरून लक्षपूर्वक माझे ओठ बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी चौकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘हे?’ ते म्हणाले. ‘आणि लोक हे विकत घेऊन घरी नेतात?’