ओट्यासमोरचं दार

बारवाल्यानं मागची भिंत फोडून तिथं दार बसवलं, ते बरोबर आमच्या ओट्यासमोर आलं. पुढचं दार शाळेला फार जवळ पडतं आणि आता नियम कडक झालेत, दारापासून अंतर मोजतात म्हणे. दारू खात्याचे साहेब आले, नव्या दारापासून शाळेपर्यंत टेप धरली, गल्लीला वळसा घालून मोजलं आणि अंतर भरलं. दारू तीच, टेबलं तीच, पिणारेही तेच. फक्त तोंड माझ्याकडं वळवलं.

बारवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, सगळं नियमात आहे. साहेबांनी देवळापासूनही मोजलंय."

देवाला रात्री कुलूप लावतात. शाळा सुटली की पोरं घरी जातात. मी कुठं जाऊ? या ओट्यावर माझी बायको रोज भाजी निवडत बसायची. ती गेल्यापासून मला घरात करमत नाही, ओट्यावर तेवढी ती जवळ असल्यासारखी वाटते. नियम करणाऱ्यांनी स्वतःच्या घरासमोर असलं दार उघडून बघावं, मग कळेल अंतर कशाला म्हणतात ते.

काल दिवेलागणीला बाहेर आलो, तर एक प्यालेला गडी तिच्याच जागेवर भिंतीला पाठ टेकून बसलेला. म्हटलं, "ऊठ. ही माझ्या बायकोची जागा आहे."

त्यानं वर बघितलं, हात जोडले आणि थोडा बाजूला सरकला.

"बसा की काका," म्हणाला, "दोघांना पुरंल."

मी उभाच राहिलो.