जोडीतल्या एकाचा परवाना

पुण्याहून वर्ध्याला निघाले तेव्हा मला स्टेशनवर सोडायला कोणी आलं नव्हतं. कोणी यावं असं मला वाटतही नाही. निरोपाची माणसं खिडकीशी उभी राहून ‘पाणी घेतलंस ना’ हे पुन्हापुन्हा विचारतात आणि गाडी सुटेना की त्यांचे आणि आपलेही चेहरे अवघडतात. मी अनुवाद करते, एकटी राहते, एकटी फिरते, आणि बॅग स्वतःला उचलेल एवढीच भरते.

या वेळी बॅगेत एक पुस्तिका होती, मीच मराठीत केलेली. परदेशातल्या एका बांधकाम कंपनीला इथून गवंडी न्यायचे होते. त्या देशाचा कायदा असा, की परका कामगार आणायचा तर मालकाने आधी दाखवून द्यायचं की आपल्याकडे या कामाला माणूस मिळत नाही. मग त्याच्या राहण्याची सोय आणि विमा दाखवायचा. आणि कामाच्या अटी कामगाराला त्याच्या भाषेत समजावून द्यायच्या. या शेवटच्या कलमावर माझी भाकरी. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण माझ्याही करारात एक कलम आहे.

अटींचा गाभा थोडका होता. परवाना एका माणसाचा, एका कामाचा आणि एका मालकाचा. गवंडी म्हणून गेलेल्याने सुतारकाम करायचं नाही. मालक सोडला की परवाना संपला. आणि परवान्याच्या मुदतीत कुटुंबाला सोबत नेता येणार नाही. हे सगळं मी एका दुपारी मराठीत आणलं आणि चहा प्यायले. भाषेच्या दृष्टीने त्यात अवघड काही नव्हतं.

वर्ध्याला उतरले तेव्हा मार्च लागला होता आणि सकाळीच ऊन अंगावर यायला लागलं होतं. रिक्षावाल्याला नालवाडीचा पत्ता सांगितला.

“थे परदेशवाल्यायचं सुरू हाय तिथंच ना?” त्याने विचारलं. “माया नंबर लागन काय, मॅडम?”

“गवंडीकाम येतं?”

“नाई. रिक्षा चालवतो ना पण.”

“परवाना गवंड्यांचाच आहे.”

“मंग राहू द्या,” तो म्हणाला, जणू मीच आग्रह करत होते.

नाश्त्याला पोहे घेतले. इथे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा जाळ रस्सा) ओततात. मी ‘थोडीच घाला’ म्हणाले. पोहे बुडाले. “थोडी म्हटलं होतं,” म्हणाले, तर पोहेवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “हे थोडीच हाय, ताई.” डोळ्यांतून पाणी काढत मी प्लेट संपवली. अपमान गिळण्यापेक्षा तर्री गिळणं सोपं.

सभा नालवाडीतल्या एका मंगल कार्यालयात होती. समोर सगळे मिस्त्री. गवंड्याला इथे मिस्त्रीच म्हणतात. त्यांच्यात एकच बाई, नवऱ्याशेजारी बसलेली. मी अटी वाचून दाखवल्या. कोणी सुट्टीचं विचारलं, कोणी भात मिळेल का ते विचारलं. मग ती बाई उभी राहिली.

“मॅडम, तिथं जोडी नाई चालत काय?”

जोडी म्हणजे काय ते मला बाजूच्यांनी सांगितलं. इकडे बांधकामावर नवराबायको जोडीने लागतात. नवरा मिस्त्री आणि बायको रेजा, म्हणजे सिमेंट-वाळूचा मसाला कालवणारी, घमेली उचलणारी, विटा हाती देणारी. ठेकेदार जोडीच मागतो. एकट्या मिस्त्रीला काम कमी मिळतं, एकट्या रेजेला त्याहून कमी.

“नाही चालत,” मी म्हणाले. “परवाना एकाचाच.”

“अन् ईट हातात कोण देते मंग?”

“आपली आपण घ्यायची.”

हॉल हसला. तिचा नवरा मात्र हसला नाही, तो आपल्या डाव्या हाताकडे पाहत होता.

सभा संपल्यावर दोघं भेटायला आली. तिचं नाव वनिता, त्याचं धनराज. मूळचे तळेगाव (श्यामजी पंत) इथले, कामासाठी नालवाडीत खोली घेऊन राहिलेले. तळेगावला त्यांनी स्वतःचं घर बांधायला घेतलं होतं. भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती चढवणाऱ्यांची स्वतःची भिंत अर्धी राहावी, याला आपल्याकडे म्हण आहेच, पण ती मी बोलले नाही. परदेशी गेलं की घरावर स्लॅब पडेल, असा हिशोब होता. मध्ये फक्त परीक्षा होती: परीक्षकासमोर एकट्याने एका कोपऱ्याची भिंत उभी करायची.

“काम तं त्यायले येतेच,” वनिता म्हणाली. “पण एकट्यानं नाई येत.”

मला ते अतिशयोक्तीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कामावर गेले तेव्हा पटलं. धनराज भिंतीशी उभा होता, नजर दोरीवर. मसाल्याचा थर देऊन झाला की त्याचा डावा हात आपोआप मागे जायचा, पंजा उघडा. तो वळून बघत नव्हता. इतकी वर्षं त्या पंजात वीट येतच आली होती. आता परीक्षेच्या सरावासाठी ती येत नव्हती. हात तसाच हवेत राहायचा, मग तो दचकून वळायचा, वाकायचा, वीट घ्यायचा, आणि तोवर मसाला सुकायला लागलेला असायचा.

त्याच्या मागे विटांच्या थप्पीवर वनिता बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

“अशा काय बसलात?” मी विचारलं.

“मोकळे राह्यले तं देऊन टाकतात ना हे,” ती आपल्या हातांबद्दल म्हणाली. “सकाळपासून दोन खेप दाबले अन् तरी एक ईट गेलीच.”

“तुमी घरी जा बरं,” धनराज तिच्याकडे न बघता म्हणाला.

“मी घरी गेली अन् तुमी कोणाले हात दाखवसान?”

परीक्षेआधी दोघांना केळझरच्या गणपतीला जायचं होतं. “चला मॅडम, तुमीबी,” वनिता म्हणाली, आणि मी गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटला होता. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) कुठे उपटलेल्या, कुठे उभ्याच होत्या. टेकडीवर वारा होता. खाली गव्हाची पिवळी शेतं अगदी नीट आखल्यासारखी दिसत होती. मी देवाधर्माची नाही, पण सावली उत्तम होती आणि वनिताने घरून आणलेली सांबारवडी (सांबार म्हणजे इकडची कोथिंबीर) त्याहून उत्तम.

नारळ वाढवायच्या जागी धनराज पुढे वाकला आणि त्याचा हात मागे गेला. वनिताने त्यात नारळ ठेवला. दोघंही गणपतीकडे बघत होती. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

“पाहा,” ती म्हणाली. “मीच बिघडवून राह्यली त्यायले.”

मी हसले. ती हसली नाही, आणि मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

परीक्षा सेलूच्या रस्त्याला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होती. तारेच्या जाळीच्या आत परीक्षार्थी, बाहेर घरची माणसं. परीक्षक वयस्कर, कमी बोलणारा, टोपी घातलेला माणूस होता. त्याचं म्हणणं मराठीत सांगणं एवढंच माझं काम. त्याने सांगितलं, “मदत घेतली तर बाद. बाहेरून आवाज दिला तरी बाद.” मी ते मोठ्याने सांगितलं. जाळीबाहेर वनिताने पदर तोंडाला लावला.

धनराजने ओळंबा धरला, दोरी ताणली आणि सुरुवात केली. पहिल्याच विटेला हात मागे गेला. रिकामा पंजा क्षणभर उघडा राहिला. परीक्षकाने तिकडे पाहिलं आणि मला विचारलं, “त्याला काही हवं आहे का?”

“नाही,” मी म्हणाले. “सवय आहे.”

“कसली?”

सांगत बसले असते तर बरंच सांगावं लागलं असतं. “जुनी,” एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या थरात पुन्हा हात मागे गेला. मी जाळीकडे पाहिलं. बाहेर पडलेल्या जुन्या विटांच्या ढिगातली एक वीट वनिताच्या हातात होती. तिने ती कधी उचलली ते तिलाही कळलं नसावं. ती तशीच धरून ती उभी होती.

मग त्याने एक साधी गोष्ट केली. उठून विटांची थप्पी मागून उचलली आणि आपल्या डोळ्यांसमोर, भिंतीलगत रचली. त्यानंतर काम चालू लागलं. मसाला, वीट, थापीचा ठोका. मसाला, वीट, ठोका. तिसऱ्या थराला हात मागे जाता जाता कोपरापाशी थांबला. त्यापुढे गेलाच नाही. मी वनिताकडे पाहिलं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने हातातली वीट खाली ढिगावर ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये अशी.

परीक्षकाने कोपरा तपासला आणि मान हलवली. धनराज पास झाला. तो धावतच जाळीपाशी आला.

“जमलं वं!” तो म्हणाला.

“पाह्यलं ना मी,” ती म्हणाली. “मायी गरजच नाई राह्यली.”

हे ती थट्टेत म्हणाली, आणि तो थट्टेत हसलासुद्धा. पण मग दोघांचीही नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली. मला वाईट वाटलं, हे लिहून टाकते. जी अट मी चहाआधी उरकली होती, तिचा अर्थ मला त्या जाळीपाशी कळला.

परवाना हातात यायला काही महिने लागतात. परतीच्या दिवशी गाडीला वेळ होता म्हणून मी नालवाडीच्या कामावर निरोप घ्यायला गेले. भिंतीशी वनिता उभी होती. पदर खोचलेला, हातात थापी. तिचा थर जरा वाकडा होता. मागे विटांच्या थप्पीवर धनराज बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

“हे काय?” मी विचारलं.

“एकट्या रेजेले कोण ठेवते, मॅडम?” ती वळली नाही. “हे तिकडं जातीन. घराच्या भिंती मी चढवीन. स्लॅबचं यायनं पाहावं.”

“वाकडी गेली थे ईट,” धनराज म्हणाला आणि त्याचा एक हात सुटलाच.

“हात दाबा,” ती म्हणाली. “देऊ नका मले.”

त्याने हात परत दाबला. मी दोघांना नमस्कार केला. वनिता म्हणाली, “पुन्हा येजो, ताई. तळेगावले येजो. तवा घर झालं राहीन.” पहिल्यांदाच ती मला ताई म्हणाली.

गाडीत मी नव्या कामाची पानं काढली, पण वाचली नाहीत. इतकी वर्षं मी कोणावाचून अडत नाही, याचा मला अभिमान आहे, आणि तो अजूनही आहे. पण हात न बघता मागे करावा आणि त्यात हवी ती वस्तू यावी, असं माझ्या आयुष्यात घडलेलं नाही. ती सवय मोडणं धनराजच्या जिवावर आलं. मला मोडायलाच काही नव्हतं.

पुण्याला उतरले. दारातून आधी मी खाली आले, मग बॅग ओढून घेतली, नेहमीसारखी. त्याआधी क्षणभर मात्र हात मागे केला होता.