एका नगावरून

आंब्यांची पेटी घेताना शकूअक्का वरचा आंबा कधी चाखत नसत. बंगळुरूत, जयनगरच्या बाजारात फळवाला कौतुकाने फोड पुढे करायचा आणि या हात मागे घ्यायच्या. "अण्णा, स्वल्प, जरा तळाचा काढा." एवढं कानडी त्यांना पुरे होतं. " आणि मधलाही." तो वैतागायचा, मीही वैतागायचे, कारण भरलेल्या पिशव्या माझ्या हातात असत. "एका नगावरून लॉट पास करायचा नाही, मुग्धा," त्या शांतपणे म्हणत. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्तीनंतर तपासायला आंबे उरले होते, आणि आम्ही.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि मराठी मंडळात त्यांच्या तावडीत सापडले. अक्कांना पूर्वी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता. पाच आठवडे रेडिएशन घेऊन ही बाई पुन्हा मंडळाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली, याचा सगळ्यांना केवढा अभिमान! त्यामुळे माझ्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट वाईट आला तेव्हा आईच्याही आधी मी त्यांना फोन केला. "रडून घे," त्या म्हणाल्या, "मग जेवायला ये."

ऑपरेशन नीट झालं. पुढे रेडिएशन होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन आठवड्यांचा कोर्स घ्या किंवा पाच, तुमच्यासाठी मी तीनचा सुचवीन. झालं, घरात गहजब. आई पुण्याहून फोनवर रोज तेच सांगायची. "शकूअक्कांनी पाच आठवडे घेतले, त्या बघ कशा ठणठणीत आहेत. तुला कसली घाई?" मंडळातल्या बायकांचंही तेच. खरं सांगायचं तर मलाही तीन आठवडे म्हणजे भात अर्धा कच्चा उतरवल्यासारखं वाटत होतं. कमी पडलं आणि परत आला तर? माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती.

अक्कांना वाटेल आपलाच कोर्स बरा, अशी माझी खात्री होती. त्या भडकल्या. "मी जिवंत आहे म्हणून तो कोर्स भारी? मी रोज दोडक्याची भाजीही खाते, तिला द्या श्रेय." आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर हॉस्पिटलात हजर.

डॉक्टरीणबाईंची त्यांनी अशी उलटतपासणी घेतली की मला खुर्चीत संकोचायला झालं. किती बायकांवर पाहिलंय? किती वर्षं लक्ष ठेवलं? बाईंनी न कंटाळता सांगितलं. हजारो बायकांवर, वर्षानुवर्षं. छोट्या कोर्समध्ये रोजचा डोस थोडा मोठा, एकूण कमी. आजार परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, त्वचेला त्रास उलट थोडा कमी.

"हिच्या बाबतीत लांब कोर्स हवा असं काही कारण?" अक्कांनी विचारलं.

"नाही."

"मग मला का पाच दिले?"

"तेव्हा इथे तीच पद्धत होती."

आपले दोन आठवड्यांचे हेलपाटे वाचले असते, हे ऐकून मी तर चिडले असते. त्या म्हणाल्या, "सरी, ठीक. चांगलं झालं, शोधून काढलंत." आणि माझ्याकडे वळून, "आता ठरव. माझ्याकडे बघून नाही." मी तीन आठवड्यांचा घेतला. मला या बाईचं फार फार कौतुक वाटलं, आणि तसं सांगितलंही. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पुढे अक्कांचा आजार परत आला, हाडांत. मंडळात कुजबुज सुरू झाली की पाच आठवडे घेऊनही हे असं. माझं तर धाबं दणाणलं. अक्कांचं असं झालं तर माझं काय? माझी वर्षाची तपासणी आली होती, ती मी कामाचं निमित्त सांगून पुढे ढकलली.

शेवटच्या दिवसांत त्यांना भेटायला गेले. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"घाबरलीस माझ्याकडे बघून."

"नाही हो, अक्का."

"खोटं बोलू नकोस. एका नगावरून..." त्यांना धाप लागली.

"लॉट पास करायचा नाही," मी वाक्य पुरं केलं.

त्यांनी मान हलवली. "नापासही करायचा नाही. जा, तपासणी करून ये."

मी गेले. रिपोर्ट चांगला आला. तो सांगायला जयनगरला त्यांच्या घरी गेले, तोवर अक्का गेल्या होत्या.